जागलीचा भोंगा

भीमराजच्या आवाजाचं शिवारात नाव होतं. माणूस अंगानं काटकुळा आणि बोलायला मवाळ, पण शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभा राहून त्यानं हाळी दिली की नाल्यापलीकडच्या तांड्यातली कुत्री कान टवकारून उठायची. गावात कुणाचा बैल सुटला, कुणाला लांबच्या वावरातून बोलवायचं झालं, तर लोक आधी भीमराजला शोधायचे.

त्याच्या आणि खेमसिंगच्या वावरामध्ये एकच धुरा. भीमराज गावातल्या बौद्धपुऱ्यातला, खेमसिंग तांड्यातला बंजारा. दोघं एका वयाचे, दोघांची लग्नं मागंपुढं झालेली. पीक उभं राहिलं की दोघं आपापल्या मचाणावर जागलीला जायचे. जागल म्हणजे रात्रभर पिकाची राखण. अंधारात एकट्या माणसाला डुलकी लागते, भीतीही वाटते, म्हणून जागलीची एक रीत होती. एकानं हाळी द्यायची, दुसऱ्यानं ओ द्यायची. ओ आली की समजायचं, पलीकडचा जागा आहे, धड आहे. ओ आली नाही तर हातातलं टाकून धुरा ओलांडायचा. ही रीत कुणी ठरवली नव्हती आणि त्या दोघांनी कधी मोडलीही नव्हती. एका साली भीमराज मचाणावर तापानं फणफणून पडला होता. त्याची ओ गेली नाही, तेव्हा खेमसिंगनं त्याला पाठुंगळी घेऊन गावात आणलं होतं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली आणि बोंडअळीचं साल आलं. बोंड उकललं की आत गुलाबी अळी आणि काळवंडलेली सरकी. कोणी कापसाच्या पऱ्हाटीत ढोरं सोडली, कोणी पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचली, आणि मोकळ्या झालेल्या वावरात उशिराचा हरभरा पेरला. भीमराजनं पेरला, खेमसिंगनंही पेरला. कापसाच्या वाटेला रानडुकरं फारशी जात नाहीत. हरभऱ्याचा वास मात्र त्यांना लांबून लागतो. घाटे भरायला लागले तसे जंगलातून कळपच्या कळप उतरू लागले. एका रात्रीत डुकरं वावर असं उकरून जायची की सकाळी नांगरल्यासारखं दिसायचं.

भीमराजला त्या हिवाळ्यात जागल नकोशी झाली होती. थंडीचं कारण नव्हतं. सत्यभामाला, त्याच्या बायकोला दमा होता आणि थंडीत तो उसळायचा. लेक सासरी, पोरगा पुण्यात, घरात ती एकटी. मध्यरात्री तिचा श्वास अडकायचा तेव्हा पाठ चोळायला, पाणी गरम करून द्यायला कोणी नसायचं. एकदा तो सकाळी घरी आला तर ती उंबरठ्यावर बसून होती. दार उघडून बाहेरची हवा घ्यायला आली होती आणि परत उठताच आलं नव्हतं.

संघदीप, पोरगा, त्याच महिन्यात सुट्टीवर आला. पुण्यात तो एका गोदामात कामाला होता. आईची अवस्था पाहून त्यानं मोबाइलवर काहीतरी शोधलं, मागवलं, आणि चार-सहा दिवसांत घाटंजीहून एक खोकं घेऊन घरी आला. खोक्यावर पळणाऱ्या डुकरांचं चित्र. आत हिरवा डबा, डब्याला पिवळा भोंगा, समोर बटणाएवढं काळं भिंग, आणि डोक्यावर तळहाताएवढी सोलरची काच.

"बाबा, याच्यात सेन्सर हाय," संघदीप म्हणाला. "जनावराची चाहूल लागली का आपोआप ओरडते. वाघाचा आवाज हाय, कुत्र्याचा हाय, बंदुकीचा हाय. आन आपला सोताचा आवाज बी भरता येते."

"बंदूक कायले? आपल्या इकडच्या डुकराईनं बंदूक कवा आयकली?"

"जाहिरातीत पाह्यलं ना मी. अशी पळतात का मांगं वळून पाहत नाईत."

"जाहिरातीतली डुकरं कंपनीनंच पाळली असतीन," सत्यभामा चुलीपुढून म्हणाली.

"माय, तुले सगळ्यात खोटंच दिसते."

"मले भोंगा दिसते. बाकीचं तुमी सांगून राह्यले."

पण तिच्या डोळ्यांत आशा होती आणि भीमराजनं ती पाहिली. दुपारी अंगणात आवाज भरायचं ठरलं. संघदीपनं बटण दाबून डबा बापापुढं धरला. भीमराज उभा राहिला, घसा खाकरला आणि गप्पच राहिला.

"ओरडा ना."

"समोर डुक्कर नाई तं कोनावर ओरडू?"

"माह्यावर ओरडता तवा काय तयारी लागते तुमाले?" सत्यभामा म्हणाली.

ते ऐकून शेजारची बाई कुडावरून हसली, आणि त्या हसण्यावर चिडून भीमराज ओरडला, "हाऽऽड! हाऽऽड डुकराऽऽ!" डब्यानं आवाज गिळला आणि दुसरं बटण दाबताच तसाच्या तसा ओकून टाकला. कोंबड्या फडफडत कुडावर चढल्या. भीमराज डब्याकडं पाहत राहिला. आपला आवाज आपल्यासमोर उभा राहून ओरडतोय हे त्याला बरं वाटलं आणि थोडं चमत्कारिकही वाटलं.

"आन खेमसिंगभाऊनं हाळी देल्ली तं?" सत्यभामानं विचारलं. "ओ कोन देईन?"

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. संघदीपनं खोक्यावरचं वाचलं. "आवाज आला तरी सेन्सर चालू होते म्हनते. दुसऱ्या नंबरवर ओ भरून ठेवा. काकानं हाळी देल्ली का मशीन ओ देईन."

भीमराजनं ओ भरली. "ओऽऽ! आलो रे खेमा, आलो!" त्याची ओ कायम अशीच असायची. जायचं असो की नसो, 'आलो' म्हटल्याशिवाय त्याची ओ पुरी होत नसे.

"खेमसिंगले सांगतो मी," तो म्हणाला.

"काई सांगू नका. चार जनाले मालूम झालं का दुसऱ्या दिशी मशीन गायब."

भीमराजनं मान हलवली. चोरीचं कारण त्याला सोयीचं वाटलं. खरं म्हणजे खेमसिंगसमोर उभं राहून 'आजपासून तू एकटाच' एवढं म्हणायची त्याची हिंमत नव्हती. मशीन ओ देणार असेल तर म्हणायची गरजच काय, असं त्यानं मनाला समजावलं.

मग रोजचा एक परिपाठ सुरू झाला. दिवस बुडताना भीमराज वावरात जायचा, शेकोटी पेटवायचा, खेमसिंगला दिसेल असा मचाणाजवळ उभा राहायचा, तंबाखू मळायचा. अंधार पडला की मचाणाच्या छपराखाली पोत्याआड भोंगा सुरू करून ठेवायचा आणि नाल्याच्या पात्रातून वाकून घरी निघून यायचा. उजाडायच्या आत चहाची किटली घेऊन परत जायचा, भोंगा बंद करून पिशवीत घालायचा आणि रात्रभर जागल्यासारखे डोळे चोळत मचाणाखाली बसायचा. सत्यभामाला तो जवळ असल्यानं झोप लागू लागली. तिचा श्वास अडकायचा, पण पाठीवर हात फिरला की सुटायचा. संघदीप पुण्याला गेला तेव्हा बापाचं काम मार्गी लावून दिल्याच्या समाधानात गेला.

खेमसिंग एका सकाळी धुऱ्यावर चहा प्यायला आला.

"काल तुही ओ लय कडक होती बे. भाभीनं काय खाऊ घातलं?"

"बेसन."

"तरीच. आन मी हाळी नाई देल्ली तरी तू ओ देऊन राह्यलता. झोपेत बायकोशी बोलत होता काय?"

"म्हातारपन आलं, गड्या," भीमराज म्हणाला. त्यानं मान खाली घालून चहा ओतला.

"तुले आलं असन. मले नाई आलं." खेमसिंगनं फुर्र करून चहा ओढला. "पन खरं सांगू का? या सालची डुकरं येगळीच हायेत. बॅटरी मारली तरी हालत नाईत, उलटी आंगावर येतात. धाकला बाबूसिंग म्हने, दादा, सोड जागल, घरी झोप. मी म्हटलं, भीमराज हाय ना पलीकडे. त्याची ओ आली का मले भेव नाई वाटत."

भीमराजला वाटलं, सांगावं आणि मोकळं व्हावं. पण खेमसिंग हसत होता आणि किटलीत अजून चहा होता. भीमराजनं त्याचा कप पुन्हा भरला.

पहिले काही दिवस डुकरं खरंच आली नाहीत. मग एका सकाळी भीमराजला कोपऱ्यातले हरभऱ्याचे चार तास, म्हणजे चार ओळी, उकरलेले दिसले. दुसऱ्या सकाळी आणखी आठ. तिसऱ्या सकाळी मचाणाच्या अगदी खाली माती उकरलेली होती, आणि मचाणाच्या खांबाला मांडीच्या उंचीवर ओला चिखल आणि राठ केस चिकटले होते. डुकरांनी त्या खांबाला अंग घासलं होतं. वर भोंगा ओरडत होता आणि खाली डुकरं खाज भागवत होती. भीमराजनं तो चिखल हातानं पुसला. खेमसिंगनं पाहिला असता तर विचारलं असतं, तू वर काय करत होता.

बाजाराच्या दिवशी भोंगा पिशवीत घालून तो घाटंजीला गेला. स्टँडमागं शहजादचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. शहजाद लहान होता तेव्हापासून भीमराज त्याला ओळखत होता. त्याच्या बापाकडं तो रेडिओ दुरुस्तीला न्यायचा. शहजादनं स्क्रू काढले, डबा उघडला आणि भिंगाच्या मागं बोट घातलं.

"चाचा, कितीत पडला?"

"पोरानं घेतला. काहून?"

"सेन्सर हैच नाई याच्यात. हे पाहा, बाहेरून काच चिकटवली, मागं तार बी नाई. आत टायमर हाय. थोडा टाइम गेला का एक नंबर बोलते, मंग दोन नंबर बोलते. डुक्कर येवो का ना येवो."

"आसं कसं? खेमसिंगनं हाळी देल्ली का ओ देते ना थे."

"कोनाले नाई देत, चाचा. याचा टाइम आन त्याची हाळी एखांद्या वक्ती जुळत असन. थो बी खुश, तुमी बी खुश."

"दुरुस्त होते का?"

"जे बसवलंच नाई थे दुरुस्त काय करू?" शहजादनं स्क्रू परत लावले. पैसे घेतले नाहीत. "माह्याकडे असे लय येतात. डास मारायचं मशीन येते, लाइटचं बिल कमी करायचं मशीन येते. उघडलं का आतमंदी एक दिवा असते, लाल. लागला का मानसाले वाटते, चालू हाय."

परतीच्या वाटेवर भीमराजनं ठरवलं, आजच सांगायचं. पण संध्याकाळी घरी आला तर सत्यभामा भिंतीला टेकून बसलेली, ओठ निळसर, छातीत शिट्टी वाजत होती. त्यानं तिला सगळं सांगितलं.

"मंग सांगून टाका ना त्याईले," ती म्हणाली. एकेका शब्दाला थांबत होती. "मी झोपतो एकटी. मले काय होते?"

"हे आसं होते."

"थे रोजचंच हाय. त्या मानसाले वाटते, तुमी तिथं आहा."

"सांगतो. हरभऱ्याच्या सोंगनीले आठ-दहा दिवस उरले. तेवढे निघू दे."

"आजच भोंगा बंद करा मंग."

"बंद केला तं ओ जानार नाई. ओ नाई गेली तं थो धुरा ओलांडून येईन. मचान रिकामं दिसन त्याले."

सत्यभामानं त्याच्याकडं पाहिलं. मग तिनं भिंतीकडं तोंड केलं. भीमराजनं पिशवी उचलली, वावरात गेला, शेकोटी पेटवली, भोंगा छपराखाली ठेवला. आता त्याला ठाऊक होतं की तो कोणाला ओ देत नाही. तरी त्यानं बटण दाबलं. त्या दिवशी, आणि त्यानंतर रोज.

सोंगणी, म्हणजे हरभऱ्याची कापणी, दोन दिवसांवर आली असताना एका सकाळी तो किटली घेऊन निघाला. धुकं होतं. नाल्यातून वर चढताना त्याला हरभरा लोळवलेला दिसला. वारा नव्हता, पाऊस नव्हता, पण पीक असं पडलं होतं जसं कोणी ओझं ओढत नेलं असावं. धुऱ्याच्या दगडांवर काळपट ओल होती. भीमराजनं बोट लावलं आणि किटली तिथंच ठेवून पळत सुटला.

खेमसिंग भीमराजच्या मचाणाखाली होता. पाठ खांबाला टेकलेली, धोतर फाडून मांडीला आवळून बांधलेलं, पायाखालची माती भिजून चिकट झालेली. हातात मोबाइल होता. त्या खोलगट भागात कुणाच्याच मोबाइलला रेंज येत नसे. डोळे उघडे होते. त्यानं भीमराजकडं पाहिलं, त्याच्या धुतलेल्या तोंडाकडं, कानाभोवती गुंडाळलेल्या घरच्या मफलरकडं. मग मान वर करून मचाणाकडं पाहिलं.

"तू गावातून येऊन राह्यला?" त्यानं विचारलं.

भीमराजचं तोंड उघडलं नाही. त्याच वेळी वरून त्याचा आवाज आला. "ओऽऽ! आलो रे खेमा, आलो!"

दोघंही तो आवाज संपेपर्यंत थांबले. धुक्यात तो लांबवर गेला.

"खाली उतर म्हटलं तुले," खेमसिंग म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "कितीक डाव म्हटलं. तू आलो म्हने. मी म्हटलं, येते. धीर धरला. मंग वाटलं, तू बी पडला असशीन कुठं, तुले बी मारलं असन डुकरानं. म्हनून सरकत आलो. सडकेकडे सरकलो असतो तं एखांदा ट्रक भेटला असता. सडक जवळ होती. मी इकडे आलो."

भीमराज खाली बसला आणि त्यानं खेमसिंगला उचलायला हात घातला. खेमसिंगनं हात झटकला नाही, पण धरलाही नाही. ओझं असावं तसा तो भीमराजच्या पाठीवर पडून राहिला. सडकेवर दुधाची गाडी मिळाली. तोवर मागून भोंगा आणखी एकदा ओरडला. या वेळी डुकरांवर ओरडला.

खेमसिंगला यवतमाळला नेलं. रक्त फार गेलं होतं आणि जखमेत माती शिरून रात्रभर राहिली होती. डॉक्टरांनी प्रयत्न केला, पण पाय वाचला नाही. गुडघ्याच्या वरून काढावा लागला. तो तांड्यात परत आला तेव्हा हरभरा निघून वावरं मोकळी पडली होती. त्याचा हरभरा धाकट्या भावानं, बाबूसिंगनं सोंगला. भीमराजचा सोंगण्यासारखा उरलाच नव्हता.

तांड्यात एक गोष्ट पसरली होती. भीमराज मचाणावर बसून होता, ओ देत होता, पण डुकराला भिऊन खाली उतरला नाही. लांबच्या एका वाडीवर राहणाऱ्या दोघांनी त्या रात्री त्याची ओ कानांनी ऐकली होती. भीमराजनं गावात खरं ते सांगून पाहिलं. लोक ऐकायचे आणि एकमेकांकडं पाहायचे. "भोंग्यावर ढकलून राह्यला," कोणीतरी त्याच्या मागं म्हणालं. पुण्याहून संघदीपनं कंपनीला फोन लावला. तिकडून एक बाई गोड आवाजात थांबायला सांगायची, मग गाणं वाजायचं, मग पुन्हा तीच बाई तेच सांगायची. काही दिवसांनी तो नंबर लागेनासा झाला.

भीमराजनं शेवटी गोठ्याच्या कोपऱ्यातून भोंगा काढला, धूळ झटकली आणि भर दुपारी तांड्यात गेला. त्याला आपली बाजू मांडायची होती. पाय परत आणता येणार नव्हता, पण आपण भ्यालो नव्हतो, तिथं नव्हतोच, एवढं तरी खेमसिंगच्या माणसांना कळावं असं त्याला वाटत होतं. त्याच्या लेखी त्या दोन्हींत मोठा फरक होता.

खेमसिंग ओसरीत खाटेवर होता. बाबूसिंग आणि तांड्यातले तीन-चार जण समोर बसले होते. कोणी भीमराजला 'ये' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. त्यानं भोंगा पिशवीतून काढून मधोमध ठेवला.

"हे मशीन होतं मचानावर. मी घरी होतो. बायको बिमार होती. आवाज माहा हाय, पन बोलत होतं थे मशीन."

"मंग बोलव त्याले," बाबूसिंग म्हणाला.

भीमराजनं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. लाल दिवासुद्धा लागला नाही. कितीतरी दिवस गोठ्यात अंधारात पडून त्याची बॅटरी मेली होती. त्यानं डबा हलवला, हातानं थोपटला.

"ज्या दिशी गप बसायचं त्या दिशी बोललं, आन आज मुकं झालं काय?" बाबूसिंगनं विचारलं. बाकीचे खाली पाहून हसले. "डब्बा घेऊन आला आमाले शिकवाले. दादा, तूच सांग. तू काय आयकलं त्या रात्री?"

भीमराजनं खेमसिंगकडं पाहिलं. खेमसिंगनं मचाणाखाली बसून तो भोंगा ऐकला होता, भीमराजच्या मिटलेल्या तोंडासमोर ऐकला होता. सगळ्या जगात हे पाहिलेला तोच एक माणूस होता.

"मी भीमराजची ओ आयकली," खेमसिंग म्हणाला. "मी हाळी देल्ली, यानं ओ देल्ली. आला नाई. मले एवढंच मालूम हाय."

बाबूसिंगनं भोंगा पायानं भीमराजकडं सरकवला. मग तो उठून आपल्या घराकडं गेला आणि बाकीचेही एकेक करून उठले. ओसरीत दोघंच उरले. आत खेमसिंगची बायको भांडी घासत होती, तिचा हात थांबला नाही.

"खेमा," भीमराज म्हणाला, "तू तं पाह्यलं होतं. माह्यासमोर पाह्यलं होतं."

"पाह्यलं."

"मंग काहून सांगतलं नाई?"

खेमसिंगनं पांघरूण सारखं केलं, जिथं पाय नव्हता तिथलंसुद्धा. "मशीन होतं म्हटलं का सारे मशीनले शिव्या देतीन. पोरगा कंपनीले देईन, तू पोराले देशीन. दोन महिन्यानं सारे हासतीन, काय मजा झाली म्हनून." त्यानं भोंग्याकडं बोट केलं. "माह्या हाळीले त्या मशीननं ओ नाई भरली. तू भरली. दिवसाउजेडी, आंगनात उभा राहून भरली. माहं नाव घेऊन."

  भीमराजनं भोंगा उचलला, काखेत मारला आणि निघाला.

ऊन रखरखत होतं. तांड्याच्या टोकाला बाबूसिंगचं घर होतं, तिथवर तो पोचला असेल. सोलरची काच वर आली होती आणि एवढ्या चालण्यात तिनं थोडंसं ऊन पिऊन घेतलं होतं. काखेतून एकदम, खरखरत पण पुरत्या जोरानं आवाज फुटला. "ओऽऽ! आलो रे खेमा, आलो!"

दोन कुत्री भुंकत उठली. कुणाच्या तरी दारातलं पोर रडायला लागलं. भीमराज जागीच थबकला. त्यानं उन्हासाठी डोक्याला बांधलेला दुपट्टा काढून भोंग्यावर गुंडाळला, काच झाकली, पुन्हा गुंडाळला आणि छातीशी दाबून धरला. हातात पुरावा होता. चार पावलं मागं फिरून ओसरीसमोर उन्हात धरला असता तर साऱ्या तांड्यानं ऐकला असता.

बाबूसिंग दार उघडून बाहेर आला. त्यानं वाटेकडं पाहिलं, दुसरं कोणी नव्हतं.

"कोन ओरडलं?"

"मी," भीमराज म्हणाला.

बाबूसिंग त्याच्याकडं पाहत राहिला. मग त्यानं वाटेवर थुंकून दार लावून घेतलं, आणि भीमराज नाल्याच्या दिशेनं खाली उतरू लागला.